हाताची नस, कंबरेची गादी आणि अण्णांची मेलेली कलमं

पत्र: "ताई, आम्ही लांज्याजवळचे. अण्णा ६१ वर्षांचे, आमची कलमांची छोटी नर्सरी आहे. दीड वर्षापूर्वी त्यांच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. शुगर आहे म्हणून आधी शुगरचंच म्हणाले, मग ती तारा लावून करंट देतात ती एनसीव्ही टेस्ट केली, त्यात कार्पल टनेल निघालं, आठ महिन्यांपूर्वी उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं. मुंग्या जरा कमी झाल्या पण हात काही सुधारला नाही. मध्येच पायात ताकद नाही म्हणायला लागले, कंबरेचा एमआरआय केला, एल फोर एल फाइव्हची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी फुगलीय म्हणून पट्टा दिला. रात्री तीनदा लघवीला उठतात, कधी मोरीपर्यंत पोचेस्तोवर थांबवत नाही, त्याला प्रोस्टेटची गोळी चालू आहे. आता डाव्या हाताचंही ऑपरेशन करू म्हणतायत, नागपंचमीच्या आधीची तारीख दिलीय. मान-पाठ त्यांची काहीच दुखत नाही. आई म्हणते मनानेच घेतलंय, कामाचा कंटाळा आलाय. चुलते म्हणतात देवाला कौल लावा. गेल्या पावसात अण्णांनी बांधलेली कोय कलमं निम्म्याच्या वर मेली, तीस वर्षांत असं झालं नव्हतं. डावा हात करू की नको? आणि यंदा त्यांना कलमं बांधू द्यावी का?"

अगो, पहिलं उत्तर आधीच देऊन टाकते म्हणजे बाकीचं सावकाश वाचशील. डाव्या हाताची तारीख पुढे ढकल. रद्द कर असं नाही म्हणत, ढकल. आधी मान तपासून घ्या, मग मनगटाचं बघू, मनगट काही कुठे पळून जात नाही.

मी फिजिओ आहे, डॉक्टर नाही, आणि पत्रावरून निदान करणाऱ्यांवर माझा स्वतःचाच विश्वास नाही, त्यामुळे अण्णांना अमुकच झालंय असं मी लिहिणार नाही. पण तुझं पत्र वाचताना मी दोनदा थांबले, एकदा लघवीपाशी आणि एकदा कलमांपाशी.

कलमांचं आधी. ज्यांनी कोय कलम बांधताना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, पावसाच्या तोंडाला कोयी रुजत घालायच्या, तांबूस कोवळा कोंब वर आला की तो छाटून मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि वर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. सगळा खेळ त्या पट्टीचा. एका हाताच्या दोन बोटांनी जोड धरून ठेवायचा, दुसऱ्या हाताने पट्टी ताणत ताणत फिरवायची आणि शेवटचं टोक आत सरकवून गच्च ओढायचं. सैल राहिली की आत पाणी जातं आणि काडी काळी पडते. तीस वर्षं हे करणारा माणूस गप्पा मारत, रस्त्यावरून कोण गेलं ते बघत बांधतो, हाताकडे बघतसुद्धा नाही. अशा माणसाची निम्मी कलमं मेली तेव्हा तुम्ही काडी जून होती, पाऊस लागला, बुरशी आली अशी सगळी कारणं शोधली असणार. मला विचारशील तर ती कलमं हाताने मारली. डोळ्यांना पट्टी दिसत होती पण बोटांना ओढता येत नव्हती.

आणि हे मुंग्यांपेक्षा वेगळं दुखणं आहे. कार्पल टनेलमध्ये मनगटातली एक नस दबते, ती अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढ्यांची, करंगळी त्यातून सुटलेली असते. रात्री हात बधिर होऊन जाग येते, झटकला की बरं वाटतं. अण्णांना विचार, करंगळीही बधिर आहे का? हात झटकून काही फरक पडतो का? की बोटंच ऐकत नाहीत, शर्टाचं वरचं बटण लागत नाही, सुटे पैसे खिशातून काढता येत नाहीत, बँकेत सही जुळत नाही म्हणून परत पाठवलं? पुरुषमाणूस ह्या गोष्टी आपणहून सांगत नाही. हळूच टीशर्ट घालायला लागतो आणि घरात कुणाच्या लक्षात येत नाही.

समज, कार्पल टनेल खरंच होतं. टेस्टमध्ये आलंय, शुगर असलेल्यांत ते जास्त होतंही, मुंग्या कमी झाल्या म्हणजे ऑपरेशन वाया गेलं असं मी म्हणत नाही. पण मनगटातली नस पायाची ताकद काढून घेत नाही, कंबरेची गादी बोटांना काही करत नाही, आणि प्रोस्टेटचा तर दोघांशी संबंध नाही. एकसष्टाव्या वर्षी तिन्ही वेगवेगळी दुखणी एकाच माणसाला असू शकतात, नाही असं नाही. पण तिन्हींना एकाच ठिकाणाहून बिघडवू शकेल अशी एक जागा शरीरात आहे आणि दीड वर्षात तिच्याकडे कुणी बघितलेलं तुझ्या पत्रात तरी दिसत नाही. ती जागा म्हणजे मान.

मेंदूतून मज्जारज्जू खाली येतो, जाडी म्हणशील तर करंगळीएवढी, आणि मानेच्या मणक्यांमधल्या नळीतून जातो. मोठ्या माणसात ती नळी पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर असते, १३ च्या खाली गेली की अरुंद धरतात. कुणाची जन्मतःच अरुंद असते, त्यात वयाने गादी मागे फुगते, हाडाला काटे येतात, मणके जोडून ठेवणारे आतले पट्टे जाड होतात आणि दोरी हळूहळू आवळली जाते. ह्याला सर्व्हायकल मायलोपॅथी म्हणतात. हातांकडे, पायांकडे, लघवीच्या पिशवीकडे जाणारे सगळे निरोप त्याच दोरीतून जातात, त्यामुळे वर आवळलं की खाली कुठेही बिघडतं. आणि खरी फसगत पुढे आहे, दोरी स्वतः दुखत नाही. मान अजिबात न दुखणारे ह्यात कितीतरी असतात. अण्णांची मान दुखत असती तर कुणीतरी कधीच मानेचा फोटो काढला असता. परदेशातल्या अभ्यासात ह्या आजाराचं निदान व्हायला सरासरी दोन वर्षांच्या वर लागलेली दिसतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आधी कार्पल टनेलच सांगितलेलं होतं. तेव्हा लांज्यात झालं ते काही जगावेगळं नाही.

कंबरेच्या एमआरआयचं पण सांगते कारण तिथे जवळजवळ सगळे फसतात. पाय लटपटतात म्हणून कंबर बघितली, बरोबर वाटतं ना? पण मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, त्याखाली नुसता नसांचा झुबका असतो घोड्याच्या शेपटीसारखा. म्हणजे दोष दोरीत असेल तर तो एल फोर एल फाइव्हला दिसणारच नाही, आणि मशीन तेवढंच दाखवतं जेवढं चिठ्ठीवर लिहिलंय. वर साठीतल्या अगदी ठणठणीत, काहीएक न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय काढले तरी निम्म्याहून जास्त जणांत कुठली ना कुठली गादी फुगलेली असते. रिपोर्टात काहीतरी सापडलं की सगळे सुटकेचा श्वास टाकतात, पट्टा मिळतो, विषय बंद.

आता माझी चूक सांगते. लाज वाटते पण सांगते. आमच्या कणकवलीकडचे एक काका, दशावतारात पखवाज वाजवायचे. बोटं जड झाली, ठेका चुकतो म्हणून माझ्याकडे आले. हातात मनगटाच्या नसेचा रिपोर्ट होता, मी तो वाचला आणि काकांना बघितलंच नाही. दोन महिने बोटांचे व्यायाम दिले, मऊ बॉल दाबायला दिला. एकदा जाताना म्हणाले, "चप्पल खय गळता ता माका कळणाच नाय गो." मी हसले आणि म्हटलं, काका, पट्ट्याची घ्या. मग एका संध्याकाळी ते आलेले असताना लाइट गेली. अंधार झाल्याबरोबर काका उभे होते तिथेच डुलायला लागले आणि दोन्ही हातांनी भिंत धरली. पायाखाली काय आहे ते पाय सांगत नव्हते, डोळे सांगत होते, डोळे गेले की तोल गेला. बॅटरीच्या उजेडात मी गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय माझ्या अंगावर उडाला. ही हातोडी माझ्या ड्रॉवरमध्ये दोन महिने पडून होती.

काकांचं मानेचं ऑपरेशन झालं. चालणं खूप सुधारलं, पखवाज परत आला नाही. आता झांज वाजवतात. ते दोन महिने मी कुणाला परत देऊ शकत नाही.

म्हणून तुला घरच्या घरी बघायच्या काही गोष्टी सांगते, निदान करायला नाही, डॉक्टरांना दाखवायला, आणि सगळ्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढ. अण्णांना हात पुढे करून तळवे जमिनीकडे ठेवून मुठी पटापट पूर्ण उघडायला-मिटायला सांग, दहा सेकंद मोज. साधारण वीस वेळा व्हायला हवं. दहा-बारावर अडकले किंवा करंगळी सरळच होत नसेल तर ते महत्त्वाचं आहे. मग लादीच्या रेषेवरून एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत चालायला सांग, तू शेजारी हात धरायच्या तयारीत राहा, एकटं अजिबात चालायला लावू नकोस. सकाळी तोंडाला साबण लावून डोळे मिटल्यावर तोल जातो का, बेसिन धरतात का ते बघ. मान खाली घातली की पाठीतून पायापर्यंत करंट गेल्यासारखं होतं का विचार, पण मुद्दाम पुन्हा पुन्हा मान वाकवून बघू नका. आणि बटणं लावतानाचा व्हिडिओ काढच, त्यांना राग आला तरी.

शुगरचं म्हणशील तर शुगरनेही पायाला बधिरपणा येतो, खरं आहे. पण शुगरने नसा खराब झाल्या की हातोडी मारल्यावर गुडघा गप्प राहतो आणि दोरी दबली की उसळतो. दोन्ही एकदम असलं तर गोंधळ होतो, म्हणून हे काम न्यूरोलॉजिस्टचं, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांचं. ते मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारून अंगठा आत येतो का बघतील, तळपायावर किल्लीने रेघ ओढतील. पाच मिनिटांचं काम, पैसे पडत नाहीत. ह्या टिचक्या यूट्यूबवर बघून घरी करू नका, कधीकधी धडधाकट माणसाचाही अंगठा हलतो आणि मग घरभर रडारड. बी ट्वेल्व्हही तपासून घ्या. मासे खाणाऱ्या माणसाला कशाला कमी पडेल असं वाटतं, पण शुगरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर ते कमी होऊ शकतं आणि त्यानेही चालणं असंच बिघडतं.

डॉक्टरांकडे गेल्यावर जाडजूड फाइल आधी पुढे करू नकोस. फाइल दिली की फाइलच वाचली जाते, मी तेच केलं होतं. आधी तोंडाने सांग: दोन्ही हातांचं बारीक काम गेलंय, चालताना तोल जातो, आणि लघवीची घाई होते, तिन्ही गेल्या दीड वर्षातलं. मग व्हिडिओ दाखव. मग फाइल. आजपर्यंत हात एकाने बघितला, कंबर दुसऱ्याने, लघवी तिसऱ्याने, आणि हे तिघं एकमेकांशी कधी बोललेच नाहीत. त्यांच्या वतीने तुलाच बोलायचंय. एमआरआय लिहून देतील तेव्हा विनंती कर की मानेचा पूर्ण आणि सोबत होल स्पाइन स्क्रीनिंग लिहा, म्हणजे सगळ्या मणक्यावरून एक नजर फिरते.

कुठे दाखवायचं ते रत्नागिरीत आधी चौकशी कर, तिथे सोय झाली नाही तर घाट चढून कोल्हापूर. गाडी करून जा, एसटीच्या मागच्या सीटवर बसवून नेऊ नकोस, आमच्या रस्त्यांचं मी वेगळं काय सांगू. पैशाचं टेन्शन असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, मोठ्या ऑपरेशनआधी योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला भेट, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेव.

समजा मानेतच निघालं. मग सगळे म्हणतील मानेचं ऑपरेशन केलं की माणूस लुळा पडतो. धोका असतो, कुणीही शून्य सांगितलं तर उठून या. पण न करण्यातही धोका आहे हे मात्र कुणी सांगत नाही, कारण ही दुखणी बऱ्याचदा पायरीपायरीने उतरतात, महिनोन्महिने तशीच आणि मग एकदम एक पायरी खाली. अगदी सौम्य असेल तर लक्ष ठेवून व्यायामावर थांबता येतं. मध्यम किंवा जास्त असेल तर ऑपरेशनच सुचवतात. ते मुख्यतः पुढचं बिघडणं थांबवायला, गेलेलं किती परत येईल ते किती दिवस दाबलं होतं त्यावर. म्हणून मी घाई करतेय. दोन आठवड्यांत दाखवा. मध्येच लघवी तुंबली, बसायची जागा बधिर झाली, पाय एकदम गळाले किंवा पडल्यावर हात लुळे वाटले तर दोन आठवडे नाही, त्याच दिवशी, रात्र असली तरी.

तोपर्यंत मानेला कुणी हात लावायचा नाही. सलूनमध्ये दाढी झाल्यावर मान कडकन मोडून देतात ना, ते बंद. चोळणारा, झटका देणारा, हाडवैद्य, सगळे बंद, आणि एमआरआय झाल्याशिवाय आमच्यासारख्या फिजिओकडचं मान ताणून धरायचं ट्रॅक्शनसुद्धा बंद. पावसाचे दिवस आहेत, जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं असेल, ते आधी खरवडून घ्या. अरुंद नळीवाला माणूस साधा तोंडावर पडला तरी हातातली ताकद एका क्षणात जाऊ शकते. रात्री मोरीकडे जायच्या वाटेवर दिवा चालू ठेवा, वीजबिल येऊ दे.

एक आणखी, तुझ्या पत्रात नाही पण बाकीच्यांसाठी. पाठीचे असे भलतीकडे बोलणारे आजार आणखीही आहेत. माझ्याकडे एक पोरगी आली होती, सहा महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खात होती कारण बरगडीखाली पट्टा आवळल्यासारखं दुखायचं, जेवणाशी काही संबंध नाही, संध्याकाळी कणकण, वजन उतरलेलं. छातीच्या मणक्याचा टीबी निघाला. पर्सिव्हल पॉट नावाच्या इंग्रज सर्जनने १७७९ मध्ये वर्णन केलेला आजार, कागदावर आजही त्याच्याच नावाने लिहितात, आणि आजही आपण पोटाचा फोटो काढत बसतो. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण साधारण वर्षभर घ्यावी लागतात.

आईंना माझा नमस्कार सांग आणि सांग की कंटाळा आलेला माणूस काम टाळतो, हा माणूस कलमं बांधायला बसला आणि ती मेली. टाळणं वेगळं आणि न जमणं वेगळं. त्या चिडल्या नाहीयेत, घाबरल्या आहेत, असं मला पत्रावरून वाटलं. चुलत्यांशी कौलावरून भांडत बसू नकोस. गाऱ्हाणं घाला, नारळ ठेवा, मीही ठेवते. फक्त डॉक्टरांची अपॉइंटमेंट आधीची घ्या.

आणि यंदाच्या कलमांचं. अण्णांना नर्सरीतून उठवू नकोस, घरात बसवलंस तर त्यांचं उरलंसुरलं पण जाईल. पण उकिडवं बसून मान खाली घालून तासन्‌तास नको, उंच टेबल लाव, पाठीला टेकण असलेली खुर्ची दे. धारेचा चाकू सध्या त्यांच्या हातात नको. काडी कुठल्या झाडाची घ्यायची, किती जून, कुठला कोंब धरण्यासारखा, हे त्यांनी बघायचं. पट्टी तू बांध. पहिली शे-दीडशे तुझीही मरतील आणि अण्णा जाम ओरडतील, ओरडू देत.